उणे एक

जहाजमामा राहायला आले ते चार दिवसांसाठी, असं त्यांनी दारात उभं राहूनच जाहीर केलं. त्यांच्यामागे उतरवली जाणारी बॅग बघून सिस्टरने मनातल्या मनात त्या चार दिवसांचा महिना करून टाकला. मामांच्या घराला रंग लागत होता. रंगाचा वास त्यांना सोसत नव्हता आणि रंगाऱ्यांची गाणी तर त्याहून सोसत नव्हती. मग भाच्याचं घर असतं कशाला?

मामा म्हणजे तिच्या नवऱ्याचे सख्खे मामा. उभी हयात प्रवासी जहाजांवरच्या कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभं राहून पत्ते वाटण्यात गेलेली, म्हणून जहाजमामा. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण मनगटातली सवय काही सुटली नव्हती. ताटं मांडायची तरी ती टेबलावरून सुळकन सरकवत, आणि प्रत्येक ताट ज्याच्या त्याच्या पुढ्यात बरोबर थांबे. स्वभाव म्हणाल तर बढाईखोर. पण त्यांची बढाई ऐकायला गंमत वाटे, कारण निम्मी खरी असे आणि कुठली निम्मी ते ते स्वतःही विसरलेले असत.

आल्या आल्या त्यांनी पहिली तक्रार केली ती चष्म्याच्या डबीची. चष्मा आत खुळखुळतो, चालताना बैलाच्या गळ्यात घंटा असल्यासारखं वाटतं, लोक वळून बघतात. भाच्याचं खालीच चष्म्याचं दुकान. त्याने डबी नेली, काहीतरी खटपट केली आणि परत आणून दिली. खुळखुळणं थांबलं. मामांनी भाच्याची पाठ थोपटली आणि लगेच दुसरी तक्रार चहाबद्दल केली.

सिस्टर हे सगळं बघत होती आणि हसत होती, पण तिचं हसू हल्ली अर्ध्यावरच थांबायचं. त्या गल्लीत सिस्टर म्हटलं की एकच बाई. मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिची निम्मी हयात गेलेली. चिमटे, कात्र्या, सुया, गॉजचे तुकडे, जे जे म्हणून टेबलावर येतं ते ऑपरेशनआधी मोजायचं आणि टाके घालण्याआधी पुन्हा मोजायचं, हे तिचं काम. तिने ‘मोजणी बरोबर’ म्हटल्याशिवाय तिथे कुणी सुईत धागा ओवत नसे. नाकावर माशी बसू न देणारे सर्जनसुद्धा त्या दोन शब्दांसाठी हात वर धरून गुमान उभे राहत.

मग मध्येच तिला ताप आला, आणि तो ताप डोक्यात गेला. हॉस्पिटलची माणसं, तिचीच माणसं, रात्रीचा दिवस करून लढली आणि तिला परत आणलं. आता सगळे रिपोर्ट स्वच्छ होते. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही ठणठणीत आहात. पण एकदा स्वयंपाकघरात हातात किसणी धरून ती तिचं नाव आठवत राहिली. किसणीचं नाव. नवऱ्याला बोट दाखवून ‘ते हे’ म्हणाली, हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

मेट्रनचा फोन येऊन गेला होता. थिएटरमधली जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण सोमवारी उत्तर हवं. थिएटर नको असेल तर रेकॉर्डरूममध्ये खुर्ची रिकामी होती. निवांत काम, फायली लावायच्या, पंखा डोक्यावर. सिस्टर नवऱ्याला म्हणाली, मी रेकॉर्डरूम घेते. नवरा ‘बरं’ म्हणाला. तो कशालाही बरंच म्हणे. पण त्या दिवशी दुकानात जाऊन त्याने एकच काच तीनदा घासली आणि तिन्ही वेळा चुकीची घासली.

मामांना यातलं कुणी काही सांगितलं नाही. त्यांना फक्त इतकंच दिसलं की घरात एक बाई दुपारभर खिडकीशी बसते आणि त्यांच्या गोष्टी ऐकायला मोकळी आहे. त्यांनी पत्त्यांचा कॅट काढला. जहाजावरचाच होता. कॅसिनोत पत्ते जुने झाले की मधोमध भोक पाडून निकाली काढतात, म्हणजे ते पुन्हा टेबलावर येऊन कुणी लबाडी करायला नको. असा भोकाचा एक कॅट त्यांना निवृत्त होताना मिळालेला.

खेळ त्यांनी एका दमात सांगितला. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण वर गेलात की मेलात. समोर डीलर, त्याचंही तेच. चित्रं दहाची, एक्का एकचा किंवा अकराचा. पैशांच्या जागी नवऱ्याच्या दुकानातल्या टाकाऊ गोल काचा घेतल्या. पहिल्याच दुपारी मामांनी तिच्या सगळ्या काचा जिंकून घेतल्या आणि लहान पोरासारखे खूश झाले.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, की मग यात कुणी जिंकतच नाही का?

मामांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, पुन्हा काढून लावला. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते असं करत. मग म्हणाले की जिंकतात, मोजणारे जिंकतात. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता पडला की अधिक एक धरायचं. दश्शी, चित्रं आणि एक्के पडले की उणे एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीला विचारायचंच नाही, ते पाहुणे. आकडा वर चढला म्हणजे लहान पत्ते उडून गेले, कॅटात मोठे उरले, आता डीलरचे दिवस फिरले. तेव्हा काचा जास्त लावायच्या. आकडा खाली गेला की गरिबीत राहायचं. आणि अख्खा कॅट संपला की आकडा शून्यावर आलाच पाहिजे, कारण जितके लहान तितकेच मोठे.

“आणि तुम्हाला येतं मोजायला?” तिने विचारलं.

“मला?” मामा म्हणाले. “अगं, मी मोजणारे पकडायचो. मोजणाऱ्याचे ओठ हलतात. ओठ हलले की मी नाक खाजवायचो, नाक खाजवलं की साहेब यायचा, आणि त्या माणसाला सन्मानाने दारापर्यंत पोचवायचा. चोरी नव्हे हो ती. नुसतं डोकं चालवल्याबद्दल हाकलायचे.”

नुसतं डोकं चालवल्याबद्दल. सिस्टरने कॅट हातात घेतला आणि तिच्या मनाने तिच्या नकळत एक पैज लावून टाकली. सोमवारच्या आत हा कॅट एकदा जरी शून्यावर आला, तर थिएटर. नाहीतर फायली आणि पंखा. ही पैज तिने कुणाला सांगितली नाही, पण नवऱ्याला ती दिसली. बायकोचा चेहरा वाचायला त्याला चष्मा लागत नसे.

शिकायला तिला मजा आली, हे खरं सांगायला हवं. एकेक पत्ता उलटायचा आणि आकडा मनात धरायचा. राणी, उणे एक. तिर्री, शून्य. छक्की, एक. सत्ती, कोण तुम्ही, पुढे व्हा. पहिल्या दिवशी तिला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी पत्ते आपोआप जोड्या लावू लागले, राजा आणि चव्वी एकमेकांना खाऊन टाकू लागले, आणि तिच्या लक्षात आलं की ती मोजत नाहीये, नुसती बघतेय. मामा समोर बसून तिच्या ओठांवर पहारा ठेवत. ओठ हलले रे हलले की नाक खाजवत, आणि तिने मुकाट्याने उठून त्यांच्यासाठी चहा टाकायचा, असा दंड ठरलेला. सुरुवातीला मामांना इतका चहा झाला की ते स्वतःच नाक खाजवायला कचरू लागले.

मग त्यांनी छळ सुरू केला. ती मोजत असताना गाणी म्हणायची, कांद्याचा भाव विचारायचा, मध्येच ‘ते काय पडलं?’ म्हणून ओरडायचं. कॅसिनोत असाच गोंगाट असतो, म्हणे. सिस्टरला त्याचं काही वाटलं नाही. थिएटरमध्ये रेडिओ चालू असतो, सर्जन आपल्या नव्या गाडीबद्दल बोलत असतात आणि भूलवाले डॉक्टर त्यांना चूक ठरवत असतात. त्या सगळ्यातून तिची मोजणी आजवर सरळ वाट काढत आली होती. कांद्याचा भाव तिने अचूक सांगितला आणि आकडाही सोडला नाही.

फक्त शेवटी शून्य येत नव्हतं.

पहिल्यांदा उणे एक आलं. नवशिकी, चालायचंच. दुसऱ्यांदा उणे एक. तिने वेग कमी केला, प्रत्येक पत्त्याकडे नीट बघून मोजलं, उणे एक. सकाळी ताज्या डोक्याने मोजलं तरी तेच. मामा जीभ टाळ्याला लावून चक् करत, चष्मा डबीत ठेवत आणि म्हणत की एवढं काही नाही, कुठेतरी एक पत्ता निसटतोय तुझा. त्यांना ते सहज म्हणायचं होतं. पण शनिवारी संध्याकाळी त्यांनी ते म्हटलं आणि सिस्टर उठून आत गेली.

नवरा मागोमाग गेला. ती पलंगाच्या कडेला बसली होती.

“एक कमी पडतंय,” ती म्हणाली. “माझ्या लक्षात आलंय कधीचं. डोक्यातलं एक काहीतरी त्या तापात गेलं. फायलीच बऱ्या. फाईल चुकीच्या जागी गेली तर कुणी मरत नाही.”

नवऱ्याने या खेपेला बरं म्हटलं नाही. तो तिच्या शेजारी बसून राहिला. एरवी बोलक्या माणसालाही याहून चांगलं काही करता आलं नसतं.

रविवारी सकाळी ती पुन्हा पत्ते घेऊन बसली, ती हरल्याची खात्री करून घ्यायला. अर्ध्यात पोचली आणि फोन वाजला. मेट्रन होती, उद्याची आठवण करून द्यायला. उद्या सांगते म्हणून सिस्टरने फोन ठेवला, आकडा कुठवर आला होता ते काही आठवेना, अंदाजाने चार धरला आणि पुढे गेली. शेवटी आलं अधिक तीन.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. म्हणजे टेबलाकडे बघत राहिली, कारण आकडा तिच्या डोक्यात होता.

हे असं असतं तर चुकणं. फोन आला, धागा तुटला, आकडा गेला भलतीकडे. आणखी एकदा चुकले तर उणे दोन येईल, मग अधिक पाच येईल. चुकणारं डोकं दर वेळी नवी चूक करतं. सकाळी, दुपारी, हळू, जोरात, मामांच्या गाण्यात आणि गाण्याशिवाय जे न चुकता तेच येतं, त्याला चूक कसं म्हणायचं?

आणि मग तिला आठवलं ते तिचंच वाक्य. थिएटरमध्ये नव्या मुली आल्या की ती पहिल्याच दिवशी सांगायची: मोजणी कमी आली तर ‘माझंच चुकलं असेल’ म्हणायचं नाही. आधी वस्तू शोधायची. एकदा गॉजचा एक तुकडा कमी आला, सगळे थांबले, सगळ्यांनी जमीन पालथी घातली, आणि तो निघाला तिच्याच चपलेच्या तळाला चिकटलेला. सगळ्यात आधी तीच हसली होती, पण शोध तिने सापडेपर्यंत थांबवला नव्हता. गॉजच्या तुकड्याला जो मान दिला, तो स्वतःच्या डोक्याला द्यायचं तिला सुचलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला, आणि तो राग इतका तजेलदार होता की तिला बरं वाटलं.

तिने टेबल पुसलं. चार रंग चार रांगांत मांडले, ट्रॉलीवर अवजारं मांडतात तसे, एकाला एक न चिकटता. इस्पिक पूर्ण. किलवर पूर्ण. चौकट पूर्ण. बदामाच्या रांगेत चव्वी होती, छक्की होती, आणि मध्ये टेबलाचं लाकूड दिसत होतं.

“कुणीही घराबाहेर जायचं नाही,” सिस्टर म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण मामा गॅलरीतून आत आले आणि नवरा खालून दुकान तसंच टाकून वर आला. हा आवाज त्या घराने आजारपणापासून ऐकला नव्हता. नवऱ्याचा चेहरा तर असा उजळला, की आपल्यावर काय ओढवणार आहे याची बिचाऱ्याला कल्पनाच नसावी.

मामा भडकले. त्यांचा कॅट अपुरा म्हणजे काय? पत्ते बावन्नच असतात, त्यात मोजायचं काय? त्यांच्या हातून आयुष्यात पत्ता हरवला नाही, राजेमहाराजे त्यांच्या टेबलावर बसून गेले. सिस्टरने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना खिसे रिकामे करायला सांगितले. राजेमहाराजांना पत्ते वाटणाऱ्या माणसाने खिसे उलटे केले. रुमाल, बडीशेपेची पुडी, आणि तिच्याकडून जिंकून परस्पर खिशात ढापलेल्या काचा. त्याबद्दल नंतर बोलू, असं ती म्हणाली. पलंगाखाली, गालिच्याखाली, बॅगेच्या अस्तरात सगळं झालं. मग ती मध्यभागी उभी राहिली आणि तिने थिएटरमधला शेवटचा प्रश्न विचारला: कॅट या घरात आल्यापासून कोणकोणत्या वस्तूला कुणी हात लावला?

मामांनी महत्त्वाचं बोलायचं म्हणून सवयीने चष्मा काढला, डबी उघडली, चष्मा ठेवला आणि डबी मिटली. अजिबात आवाज आला नाही.

सिस्टरने वळून नवऱ्याकडे बघितलं. “डबी खुळखुळत होती,” ती म्हणाली. “तुम्ही आत काय घातलंत?”

“कुठे काय,” नवरा म्हणाला. “एक पुठ्ठा. बॅग उघडी होती, वरच पडला होता.” मग त्याचा आवाज लहान होत गेला. “इतके होते त्यात. म्हटलं, एकाने काय बिघडतंय.”

तिने डबी हातात घेतली. मखमलीखालून, डबीच्या आकारात बाक आलेली, एका कोपऱ्याला डिंक लागलेली, मधोमध भोक असलेली बदामाची पंजी निघाली. आठवडाभर तिच्या चुकीवर चक् चक् करून मामा रोज तीच पंजी उघडत होते आणि तीच मिटत होते.

पुढचा काही वेळ त्या घरात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मामा भाच्याला म्हणत होते की पत्त्यांना पुठ्ठा म्हणणारा माणूस आपल्या बहिणीच्या पोटी कसा जन्मला. नवरा म्हणत होता की मामांनी आठवडाभरात एकदाही कॅट मोजला कसा नाही. सिस्टर खाली बसून हसत होती. पोट धरून, डोळे पुसत, पूर्ण हसत होती, आणि ते बघून नवऱ्याला आपल्या गुन्ह्याचा अभिमान वाटू लागला होता. तो चहा टाकायला पळाला.

एव्हाना मामांनी भाच्याकडून सोमवारची गोष्ट काढून घेतली होती. त्यांनी बाक आलेली पंजी पुस्तकांखाली दाबून सरळ केली, कॅटात घातली, आणि पिसायला घेतला. त्या पिसण्यात सगळी जहाजं होती. मग टेबलापाशी उभे राहून म्हणाले की खेळ शिकलीस, आता परीक्षा. कॅटातला एक पत्ता त्यांनी काढून तळहाताखाली दाबला आणि बाकीचे तिच्यापुढे ठेवले.

तिने पत्ते उलटायला सुरुवात केली. मामा गाणं म्हणाले नाहीत, कांद्याचा भाव विचारला नाही. नवरा कपबशी हातात घेऊन दारात उभा राहिला. तिचे ओठ हलत नव्हते. शेवटचा पत्ता पडला आणि तिच्या चेहऱ्यावरून एक सावली गेली, क्षणभरच, कारण आकडा पुन्हा तोच होता. आठवडाभर तिला रडवणारा.

“किती?” मामांनी विचारलं.

“उणे एक.”

“नक्की? निसटला असेल एखादा.”

सिस्टरने पत्ते गोळा करून टेबलावर ठोकून सारखे केले. “मामा, मोजणी बरोबर आहे,” ती म्हणाली. “तुमच्या हाताखाली लहान पत्ता आहे. कुठला ते विचारू नका, तेवढं मला येत नाही.”

मामांनी हात उचलला. इस्पिकची दुर्री होती. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाने पत्ता काही आंधळेपणाने काढला नव्हता. त्यांनी नाक खाजवलं, आणि तिला सन्मानाने दारापर्यंत, म्हणजे फोनपर्यंत, पोचवून आले.

सोमवारी ती थिएटरला निघाली. मामा कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. नवऱ्याने त्यांची डबी नव्या कापसाने भरून देतो म्हटलं होतं, पण त्यांनी साफ नकार दिला होता. त्यामुळे गल्लीभर त्यांच्या खिशात चष्मा खुळखुळत होता, लोक वळून बघत होते, आणि मामा विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत होते की ही आमची सूनबाई, हिला मोजायला मी शिकवलं.